पदक वजनावर विकू नका. आधी त्याची कड वाचा

आजोबा-पणजोबांच्या पेटीतले युद्धपदक किती ग्रॅमचे आहे, हे सगळे विचारतात. त्याच्या कडेवर कोणाचे नाव आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. पदक कसे ओळखायचे, खरे-खोटे कसे ठरवायचे, कायदा काय म्हणतो आणि नागपूरने यात काय करायला हवे?

चांदीचा भाव चढला की घरातल्या जुन्या वस्तू बाहेर निघतात. चेपलेला करंडा, जोडीतले एकटे उरलेले पैंजण, वाकलेली अत्तरदाणी. त्यांच्यासोबत कधीकधी जुन्या रुपयाहून थोडे मोठे, एका बाजूला राजाचे डोके असलेले गोल पदकही असते. इतवारीतल्या सराफा ओळीत असो की तालुक्याच्या गावी, ते तराजूवर चढते, घट वजा होते, पैसे हातात पडतात. पुढे ते मुशीत जाते.

व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. वस्तू घरची, गरज घरची. पण त्या पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे आरे असतात त्या जागी, बारीक इंग्रजी अक्षरांत एका माणसाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ती ओळ वितळली की बहुतेक वेळा त्या माणसाच्या नोकरीचा शेवटचा पुरावा जातो. म्हणून पदक विकायचे की ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण कड वाचल्याशिवाय ठरवू नये.

कडेवरच्या नावाला एवढे महत्त्व का?

प्रत्येक देशाने आपल्या सैनिकांची पदके वेगळ्या रीतीने बनवली. जगभरच्या संग्राहकांचे सर्वाधिक लक्ष असते ते जर्मन पदकांवर. तिथे ओळखीचा प्रश्नच निराळा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनी हे एक साम्राज्य असले तरी त्यात प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेमबर्ग अशी अनेक राज्ये होती आणि प्रत्येकाची पदके स्वतंत्र होती. हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन शहर-राज्यांनी मिळून एकच लाल मिन्याचा ‘हान्झिआटिक क्रॉस’ काढला, पण मधल्या गोलात प्रत्येकाने आपापले राजचिन्ह बसवले. ते चिन्ह पाहिल्याशिवाय क्रॉस कोणत्या शहराचा हे कळत नाही.

प्रशियाचा ‘आयर्न क्रॉस’ १८१३ मध्ये सुरू झाला. त्यावर १८१३, १८७०, १९१४ किंवा १९३९ यांपैकी जे साल असेल त्यावरून युद्ध कळते. खऱ्या क्रॉसचा गाभा बहुधा लोखंडी आणि चौकट चांदीची असते, म्हणून संग्राहक आधी लोहचुंबक लावून पाहतात. मग बनवणाऱ्या कारखान्याची खूण शोधतात. हे सगळे जुळले तरी तो क्रॉस कोणाच्या छातीवर होता, हे सहसा कळत नाही. कारण नाव घालण्याची तिथे सरकारी पद्धत नव्हती.

ब्रिटिश आणि ब्रिटिश-भारतीय पदकांचे नेमके उलट आहे. ती लाखोंनी पाडली गेली, दिसायला सारखीच असतात. पण एकेक पदक एकेका माणसाच्या नावाचे असते. एखाद्या साध्या शिपायाचे नाव सरकारने धातूवर उमटवून त्याच्या हाती द्यावे, ही आपल्याकडे तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. विदर्भातल्या घरांत जे सापडते ते बहुतेक याच प्रकारचे. त्यामुळे इथे ओळख म्हणजे केवळ पदकाची नव्हे, माणसाची ओळख.

सीताबर्डी आणि नागपूर, चांदीच्या पट्टीवर

नागपूरकरांना कदाचित ठाऊक नसेल, पण त्यांच्या शहराची दोन नावे अशा एका पदकावर आहेत.

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी यांच्यात लढाई झाली. कंपनीच्या बाजूला रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉट होते. त्यांच्याकडे मद्रासच्या देशी पलटणी आणि बंगाल घोडदळाच्या काही तुकड्या होत्या. संख्येने खूप मोठे असूनही भोसल्यांचे सैन्य हटले. १६ डिसेंबरला सक्करदऱ्याच्या बाजूला दुसरी लढाई झाली आणि महिनाअखेर शहर कंपनीच्या ताब्यात गेले.

या लढायांचे पदक मिळाले तब्बल ३४ वर्षांनी. १८५१ मध्ये ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ मंजूर झाले, तेही तोवर जिवंत असलेल्यांनाच. पदकावर राणी व्हिक्टोरियाचे तरुण डोके आहे. सीताबर्डीची लढाई झाली तेव्हा व्हिक्टोरियाचा जन्मही झालेला नव्हता. मागच्या बाजूला १७९९ ते १८२६ अशी साले आहेत, प्रत्यक्षात त्यातली सर्वांत जुनी लढाई १८०३ ची आहे.

हे पदक ओळखण्याची खूण म्हणजे वरच्या चांदीच्या आडव्या पट्ट्या, ज्यांना ‘क्लॅस्प’ म्हणतात. एकूण २१ प्रकारच्या पट्ट्या होत्या. त्यांत ‘सीताबल्डी’, ‘नागपूर’ आणि दोन्ही लढायांत असलेल्यांसाठी ‘सीताबल्डी अँड नागपूर’ अशा तीन पट्ट्या केवळ या शहराच्या. शिवाय ‘असई’ (जालना जिल्हा), ‘आरगाव’ म्हणजे अकोला जिल्ह्यातले अडगाव, आणि ‘गाविलगड’ म्हणजे अमरावती जिल्ह्यातला चिखलदऱ्याजवळचा किल्ला. ‘कोरेगाव’, ‘किरकी’ आणि ‘पूना’ यांच्याही पट्ट्या आहेत. आणखी एक खुबी: इतर पदकांवर पहिली पट्टी खाली आणि नंतरची वर चढत जाते. या पदकावर क्रम उलटा, सर्वांत जुनी लढाई सर्वांत वर. विकणाऱ्याने सुट्या पट्ट्या जोडून पदक ‘सजवले’ असेल, तर चूक बहुधा इथेच पकडली जाते.

सीताबर्डीची पट्टी असलेले पदक आज पाहायचे तर ते लंडनच्या लिलावांच्या कॅटलॉगमध्ये दिसण्याची शक्यता अधिक. नागपूरच्या शाळकरी मुलांनी ते कधी पाहिलेले नसते. पराभवाचे पदक शहराने मिरवावे असे नाही. पण ते पाहायला हवे, कारण त्यावर कोरलेल्या नावांत इंग्रज जसे आहेत तसे इथल्याच मातीतले शिपाईही आहेत. आणि आप्पासाहेबांच्या बाजूने पडलेल्या साध्या शिपायांची नावे मात्र कोणत्याच धातूवर नाहीत.

पहिले महायुद्ध: तीन पदके, एक उलटा हिशेब

विदर्भात सापडणाऱ्या जुन्या पदकांत पहिल्या महायुद्धाची तीन प्रमुख.

पहिले, कांस्याचा तारा. वर मुकुट, मागे दोन तलवारी. मध्ये ‘१९१४’ असेल तर तो माणूस ऑगस्ट ते नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये होता. ‘१९१४-१५’ असेल तर तो १९१५ संपेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही आघाडीवर, किंवा फ्रान्समध्ये पण उशिरा पोचलेला होता. ११७ वी मराठा पलटण नोव्हेंबर १९१४ मध्येच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली होती. तरी तिच्या जवानांचा तारा ‘१९१४-१५’ चाच. ताऱ्याला कड नसते, म्हणून नाव मागच्या सपाट बाजूला असते.

दुसरे, ‘ब्रिटिश वॉर मेडल’. ३६ मिलिमीटर व्यासाचे, चांदीचे. पुढे राजा पंचम जॉर्ज, मागे घोड्यावरचा उघडा पुरुष आणि घोड्याच्या टापांखाली प्रशियाच्या गरुडाची ढाल. फीत मध्ये नारिंगी, कडेला पांढऱ्या, काळ्या आणि निळ्या रेघा. सराफाकडे जाते ते बहुतेक हेच.

तिसरे, ‘व्हिक्टरी मेडल’. पिवळसर कांस्य, पंख पसरलेली विजयदेवता आणि इंद्रधनुषी फीत.

आता उलटा हिशेब. ब्रिटिश वॉर मेडल चांदीत सुमारे ६५ लाख पाडली गेली. तेच पदक कांस्यातही निघाले, सुमारे १ लाख १० हजार. कांस्याचे कोणाला? पाणी वाहणारे भिस्ती, स्वयंपाकी, सफाई कामगार, खेचरे हाकणारे, रस्ते आणि धक्के बांधणारे मजूर, ज्यांना सरकारी भाषेत ‘फॉलोअर’ म्हणत. लढणाऱ्याला चांदी आणि राबणाऱ्याला कांस्य, असा तो भेद होता. शंभर वर्षांनी बाजाराने तो फिरवला: कांस्याचे पदक दुर्मीळ, म्हणून संग्राहक त्याला अधिक किंमत देतात. मोडीत विकणाऱ्याला मात्र ‘पितळ आहे’ म्हणून त्याचे काहीच मिळत नाही. धातूवरून किंमत ठरवणारा इथे हमखास फसतो.

दुसरे महायुद्ध: तारे सारखे, फिती वेगळ्या

दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांच्या आसपास भारतीय सैन्यात होते. त्यामुळे या काळातली पदके घराघरांत अधिक सापडतात. त्यांचे तारे सहा टोकांचे, पिवळ्या मिश्रधातूचे, मध्ये सहाव्या जॉर्जची आद्याक्षरे. सगळे आकाराने एकसारखे. फरक मधल्या गोलातल्या अक्षरांत आणि फितीत. गडद निळा, लाल आणि फिका निळा असे तीन सारखे पट्टे म्हणजे ‘१९३९-४५ स्टार’. ते नौदल, लष्कर आणि हवाई दलाचे रंग. मध्ये रुंद लाल आणि दोन्हीकडे नारिंगी रेघ असलेला निळा म्हणजे ‘बर्मा स्टार’. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल म्हणजे ‘इटली स्टार’. वाळूच्या रंगाची फीत म्हणजे ‘आफ्रिका स्टार’.

यांच्यासोबत दोन गोल पदके असतात. एकावर दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह, तो ‘वॉर मेडल’. दुसऱ्यावर भारताचा नकाशा आणि १९३९-४५, तो ‘इंडिया सर्व्हिस मेडल’. तो केवळ भारतीय सैन्यासाठी होता. दोन्ही चांदीसारखी चमकतात, पण भारतात वाटलेली ही पदके तांबे-निकेलची आहेत. सराफाकडे नेऊन काही हाती येणार नाही.

एक महत्त्वाचा फरक: या युद्धाची पदके खुद्द ब्रिटिश लष्करातल्या सैनिकांना नाव न घालता दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे घातली गेली. म्हणजे ‘इटली स्टार’ लंडनच्या घरात मुका आहे, तोच भंडारा किंवा सातारा जिल्ह्यातल्या घरात बोलका असू शकतो.

तो किती बोलका असतो? मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीकाठी जखमी सहकाऱ्यांना पाण्यातून बाहेर काढले आणि मग मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने घाडगे यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. त्यांच्यासोबत त्या खोऱ्यात लढलेल्या, पण क्रॉस न मिळालेल्या शेकडो मराठी जवानांच्या वाट्याला आला तो साधा ‘इटली स्टार’. त्यांच्यासाठी स्मारक नाही; जे आहे ते त्या ताऱ्यामागे.

नागपूरला जवळचे उदाहरण कामठीचे आहे. १८२१ पासून छावणी असलेल्या या गावात १९४२ मध्ये महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली. पहिली त्याआधी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली होती. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली होती. सैन्याचे दार पुन्हा उघडायला वीस वर्षे लागली. त्यामुळे एखाद्या पदकाच्या कडेवर ‘महार रेजिमेंट’ अशी अक्षरे दिसली, तर ती केवळ युद्धाची आठवण नाही. एका समाजाने परत मिळवलेल्या हक्काचा तो कागद आहे, फक्त धातूचा.

आपली स्वतःची पदके

स्वातंत्र्यानंतर पदके बदलली, नाव घालण्याची रीत बऱ्याच अंशी टिकली. परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. मूळच्या स्वित्झर्लंडमधल्या, मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्या भारतीय झाल्या. २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालेल्या या कांस्य पदकावर इंद्राची चार वज्रे आहेत, फीत जांभळी.

घरोघरी सापडतात ती अर्थात साधी पदके: १९६५ चा ‘समर सेवा स्टार’ आणि ‘रक्षा मेडल’, १९७१ चे ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’. यांना जुन्या बाजारात फारशी किंमत नाही, म्हणून ती सर्वांत आधी हरवतात. पूर्वी स्टार म्हणजे बांगलादेश युद्धाची पूर्व आघाडी, पश्चिमी म्हणजे पाकिस्तानकडची. आजोबा १९७१ मध्ये नेमके कुठे होते, यावर घरात वाद असेल तर तारा तो मिटवतो.

खरे, नकली आणि ‘दुरुस्त’ केलेले

बाजारात तीन प्रकारचे फसवे माल असतात.

एक, ओतीव नक्कल. खरे पदक दाबयंत्रात ठशाने पाडलेले असते, त्यामुळे केसांच्या बटा, घोड्याचे स्नायू, अक्षरांच्या कडा धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेत त्या बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात आणि कडेभोवती जोडाची रेघ राहते.

दोन, नाव बदललेले पदक. मूळ नाव कानशीने घासून नवे कोरले जाते. अशा पदकाची कड एका बाजूला पातळ लागते आणि व्यास किंचित कमी भरतो. अक्षरेही वेगळी दिसतात: पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर ती ठोकलेली, एका मापाची, कोरलेली असतील तर शंका घ्यावी.

तीन, नंतर बनवलेली. याचे भारताशी जोडलेले उदाहरण म्हणजे आझाद हिंद पदके. सुभाषचंद्र बोस यांनी १९४२ मध्ये जर्मनीत ही मालिका सुरू केली आणि व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सुव्हाल या कारखान्यात ती बनली. ‘शेर-ए-हिंद’, ‘सरदार-ए-जंग’, ‘वीर-ए-हिंद’ अशी त्यांची नावे. मागणी प्रचंड, खरी थोडी, त्यामुळे युद्धानंतर बनवलेल्या नगांचा सुळसुळाट. त्यावर नाव नसल्याने ‘हे अमुक सैनिकाचे’ हा दावा केवळ विकणाऱ्याच्या तोंडावर उभा असतो. आयर्न क्रॉसचेही तेच. सुभाषबाबूंचा आदर वेगळा आणि पदकाची खात्री वेगळी; भावनेच्या भरात पैसे मोजू नयेत.

मोबाइलने कड कशी वाचायची?

• पदक घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही नको. चमक येते, पण ठोकलेली अक्षरे झिजतात. फारच मळले असेल तर कोरड्या मऊ कापडाने टिपा.

• काळ्या कापडावर पदक उभे धरा आणि दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी आडवा मारा. सावलीमुळे अक्षरे उठून दिसतात. पदक थोडे थोडे फिरवत पाच-सहा फोटो काढा. पुढची बाजू, मागची बाजू आणि फीत यांचेही एकेक काढा.

• अक्षरांचा क्रम बहुधा असा: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. हुद्दे संक्षेपात असतात. ‘सेपॉय’ म्हणजे शिपाई, ‘एन के’ म्हणजे नाईक, ‘हव’ म्हणजे हवालदार, ‘जेम’ म्हणजे जमादार, ‘डी व्ही आर’ म्हणजे ड्रायव्हर. जुन्या पदकांवर हा ड्रायव्हर मोटारीचा नव्हे, खेचरगाडीचा असू शकतो.

• नावाच्या स्पेलिंगवर अडू नका. कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले असते आणि एका पलटणीत एकाच नावाचे अनेक जण असत. क्रमांक हीच पक्की खूण.

• एकाच माणसाची पदके वेगळी करू नका. तारा एका भावाकडे आणि गोल पदक दुसऱ्याकडे गेले की त्यांचा अर्थ आणि बाजारातली किंमत, दोन्ही घटतात.

• सोबतचे कागद जपा: डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे पुस्तक, जंगी इनामाची सनद, पोस्टाने आलेला लहानसा खोका.

पुढचा शोध दोन ठिकाणी घेता येतो. सैनिक युद्धात गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून विनामूल्य शोधता येते. परतला असेल तर त्याच्या रेजिमेंटच्या केंद्राला फोटोंसह पत्र लिहिता येते: मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे कामठीला. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हा पहिला दरवाजा.

कायदा काय म्हणतो?

पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते. पहिल्या महायुद्धाची बहुतेक पदके आता या रेषेपलीकडे गेली आहेत. कायद्याच्या दृष्टीने याचे दोन परिणाम. पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. नियम मोडल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड. आणि पुरावशेष विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो.

म्हणून एखाद्या परदेशी संग्राहकाने ऑनलाइन चांगली किंमत देऊ केली, तरी पदक पाकिटात घालून पोस्टात टाकू नका. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तूचा दर्जा विचारून घ्या. घरात पदक ठेवणे, ते पुढच्या पिढीला देणे यात काहीच बेकायदा नाही.

इंग्रजांची पदके, मग जपायची कशाला?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. ही पदके साम्राज्याची. सीताबर्डीची पट्टी तर आपल्याच शहराच्या पाडावाची. स्वतंत्र देशाने त्यांचे कोडकौतुक का करावे?

उत्तर बसऱ्याच्या स्मारकात आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मारले गेलेले, पण ज्यांच्या कबरी किंवा दहनभूमी ज्ञात नाहीत अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक. कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि अनेक जण कैदेत मेले. स्मारकाच्या पाट्यांवर ब्रिटिश सैनिकांची नावे होती, भारतीय अधिकाऱ्यांची होती. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या समितीने ही असमानता अधिकृतपणे मान्य केली. भारतीय, आफ्रिकी आणि इतर मिळून ४५ ते ५४ हजार मृतांना इतरांसारखी वागणूक मिळाली नाही, असा तिचा अंदाज आहे. एक लाख सोळा हजार किंवा त्याहून कितीतरी अधिक जणांची नावाने नोंदच झालेली नसावी, असेही तिने म्हटले.

आपल्या गावांतही वेगळे नाही. महाराष्ट्रातल्या अनेक खेड्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पांढऱ्या दगडाची पाटी आहे: महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तिथेही आकडाच. नाव नाही.

मग नाव कुठे आहे? पदकाच्या कडेवर. ज्या सरकारने दगडावर या माणसांना आकडा केले, त्याच सरकारच्या टांकसाळीने धातूवर त्यांची नावे ठोकली. राजाचे डोके एका बाजूला आहे म्हणून पदक वितळवणे म्हणजे राजाला शिक्षा नव्हे. त्याचे डोके इतर लाखो पदकांवर आहेच. नाहीसा होतो तो कडेवरचा माणूस. तो पगारासाठी गेला असेल, दुष्काळामुळे गेला असेल, कोणी भरती केले म्हणून गेला असेल. त्याच्या निवडीशी सहमत होण्याची गरज नाही. तो होता, एवढे तरी नोंदवावे.

नागपूरने काय करावे?

पंजाबने दाखवलेली वाट समोर आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या रजिस्टरांतून पहिल्या महायुद्धातल्या पंजाबी सैनिकांच्या सुमारे ३ लाख २० हजार नोंदी २०२१ मध्ये ऑनलाइन आल्या. गावाचे नाव टाकून लोकांनी पणजोबांना शोधले. विदर्भात नोंदी घरोघरच्या पेट्यांत विखुरल्या आहेत, म्हणून त्या घरांतूनच गोळा कराव्या लागतील.

त्यासाठी पदके सरकारजमा करण्याची गरज नाही. तसे केले तर लोक ती लपवतील. हवी आहे ती नोंद. १८६३ मध्ये सुरू झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांनी मिळून वर्षातून एकदा ‘पदक नोंदणी दिवस’ ठेवावा. कुटुंबाने पदक आणावे, कडेचे फोटो काढून घ्यावेत, क्रमांक, नाव, पलटण आणि गाव लिहून द्यावे आणि पदक घेऊन घरी जावे. सीताबर्डीचा किल्ला वर्षातल्या मोजक्या राष्ट्रीय दिवशीच लोकांसाठी उघडतो आणि तेव्हा तिथे गर्दी होते. लष्कराची परवानगी मिळाली तर याहून योग्य दिवस आणि जागा सापडणार नाही.

सराफांनाही यात वाटा आहे. नाव असलेले पदक मोडीत आले तर मुशीत टाकण्याआधी कडेचा एक फोटो काढून ग्राहकाला तो वाचून दाखवावा, एवढी प्रथा इतवारीच्या पेढ्यांनी पाडली तरी पुरे. वाचून झाल्यावरही कोणाला विकायचेच असेल तर विकू दे. पैशाची अडचण ही खरी अडचण असते. पण कित्येक जण ते परत खिशात घालतील.

नोंदणीसाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. एक टेबल, बाजूने पडणारा दिवा, एक वही आणि इंग्रजी संक्षेप वाचू शकणारी दोन माणसे लागतात. १९७१ चे जवान आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या पदकांबद्दल सांगू शकणारे तेच शेवटचे. पहिला दिवस पुढच्या २६ जानेवारीलाच ठेवावा.